मनीची चिप

नातवंडांनो, तुमची दोन्ही मांजरं तुमच्याकडे परदेशी पाठवायची, म्हणून मी त्यांना धारवाडच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. काळूच्या मानेतली ओळखीची चिप यंत्रावर लगेच वाजली, मनीची सापडेना. चिपशिवाय तिला विमानात घेत नाहीत. मी तिला टेबलावर घट्ट धरून उभी राहिले.

तिथला कंपाउंडर डोळे मिटून, कान देऊन यंत्र तिच्या अंगावरून इंच इंच फिरवत होता.

"अक्का, आधी तुम्ही थरथरायचं थांबवा. तुम्हाला बघूनच ती घाबरायलीय."

अखेर उजव्या खांद्यापाशी यंत्र वाजलं.

"मांजराची चिप ती, ठेवल्या जागी बसतीय होय!" तो हसला.

मला हसू आलं नाही. तिकडचा अधिकारी नुसत्या मानेवर यंत्र फिरवून तिला परत धाडेल, ही धास्ती आहे. तुम्ही विमानतळावर जा आणि त्याला तिचा उजवा खांदा दाखवा.