ताईचा वेट टाइम

पनवेलच्या हॉस्पिटलातून भाच्याचा फोन आला. "मावशी, आई गेली. कॅन्सर होता... मलाही परवाच सांगितलं." रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, हिनं आणखी काय काय लपवलंय? संशयी स्वभाव माझा, सख्ख्या बहिणीच्या मरणातही गप्प बसला नाही.

निवृत्तीनंतर ताई कर्जतहून कुंभिवलीला जायची. तिथल्या ढाब्यांवर, कंपन्यांत राबणाऱ्या बायकांना इंग्रजी बोलायला शिकवायची. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात नळाची तोटी, एसटीचं तिकीट, काकडी, काय वाट्टेल ते. शिकवायला आणलेल्या या खऱ्या वस्तूंना ती 'रिअ‍ॅलिया' म्हणायची. उत्तर आपण सांगायचं नाही, शिकणाऱ्याच्या तोंडून काढायचं, ते 'एलिसिटिंग'. आणि प्रश्न विचारून गप्प बसायचं, तो 'वेट टाइम'. मला ही सगळी सरळ न बोलण्याची सोय वाटायची. दिवाळीनंतर ती वाळायला लागली, मधूनच फोन बंद ठेवायला लागली. मी विचारलं, "काय लपवतेयस गं?"

"तुला काय वाटतं?" एवढं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली.

"मुलाकडे कायमची निघालीयस, दुसरं काय!" मी फणकारले. ती हसली आणि चहा मागितला. पुढेही तिनं तेच विचारलं आणि मी दर वेळी नवा आरोप केला.

तेराव्यानंतर तिच्या वर्गातली संगीता पिशवी परत द्यायला आली. ताई शेवटच्या वर्गात विसरली म्हणे. मला नाही वाटत. आत कॅन्सरच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. माझं डोकंच फिरलं.

"तुम्हाला सांगितलं तिनं? आणि मला नाही?"

"सांगितलं नाय ओ. पिशवीतनं गोळ्या काढल्या नि इंग्लिशमदी इचारलं, कोन घेतं ह्या? आमी सासू म्हनलं, नणंद म्हनलं. बाई गप. मग एकजन रडाया लागली नि म्हनली, 'यू.' बाई म्हनल्या, 'करेक्ट.'"

मी पाकिटं एकेक करून पिशवीत परत ठेवली.

"आमी इचारलं, बहिनीला ठाव हाय का? तर म्हनल्या, तिला उत्तर येतंय, पन बोलत नाय."

येत होतं. पहिल्याच दिवशी येत होतं. म्हणून तर काहीबाही बोलत सुटले होते.

पिशवी आता आमच्या दारामागच्या खुंटीला आहे. येता-जाता पाय तिथे थबकतो. घरात कोणी नाही ना, बघते आणि मोठ्यानं म्हणते, "तू आजारी आहेस, ताई."

मग थांबते... 'करेक्ट' म्हणायला कोणी नाही.