कार्ड कोणाच्या ताब्यात हाय?

"कार्ड कोणाच्या ताब्यात हाय, आधी ते पाहा!"

कुणाचाही कॉम्प्युटर मुका झाला, की आमचे रेकॉर्डिंगवाले भाऊ चष्मा कपाळावर चढवून हेच म्हणायचे. सिहोऱ्यात खताच्या दुकानावरच्या एका खोलीत त्यांचा स्टुडिओ. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, आणि आवाज नको म्हणून पंखा बंद. मी शाळेत मास्तर, सुटीच्या दिवशी तिथे पेटी वाजवायला जायचो. बाप्पा, उन्हाळ्यात तिथे बसणं म्हणजे शिक्षाच! तरी जायचो.

आता तुम्हाला त्यांचं कार्ड-पुराण सांगतो, मला समजलं तेवढंच. आवाज आत-बाहेर नेणारं साउंड कार्ड एकच, पण ते चालवणारे ड्रायव्हर दोन. पहिला ते सगळ्यांना वाटून देतो. गाणं, व्हिडिओ, कॉल, सारे एकदम वाजतात. पण सगळ्यांचं एकत्र कालवण्यात उशीर होतो, आणि गाणाऱ्याला हेडफोनमध्ये आपलाच आवाज मागाहून ऐकू येतो. दुसरा ड्रायव्हर अख्खं कार्ड एकट्या रेकॉर्डिंगच्या हवाली करतो. मग उशीर नाही, पण बाकीचे सगळे गप्प. भाऊ या दुसऱ्याचे कट्टर भक्त.

"वाटून खाल्लं का थंड होते, गुरुजी."

एकदा त्यांच्या साळ्याने रेकॉर्डिंग चालू असताना त्याच कॉम्प्युटरवर क्रिकेट लावलं. चित्र दिसे, आवाज नाही. "काहून नाही वाजून राहिलं, भाटोजी?" "कार्ड गाऊन राहिलं हाय. तू खाली जाऊन मोबाईलवर पाहा!" बिचारा मुकाट्याने जिना उतरला.

अशा माणसाकडे नाकाडोंगरी गावची एक मावशी आली. तिच्या घशात गाठ होती. दोन दिवसांनी नागपूरला ऑपरेशन, आणि आवाज राहील याची डॉक्टरला खात्री नव्हती. त्याआधी तिला रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं, एक गाणं आपल्या आवाजात ठेवायचं होतं. पण धान रोवताना बाया दोन बाजू करून गातात. एकीने म्हणायचं, दुसरीने उत्तर द्यायचं.

"एकटीच गा ना, मावशी," मी म्हणालो.

"एकटी कोनी गाते का, बाबू? लोकं पागल म्हनतीन."

तिला उत्तर देणारी बहीण बपेरा गावाला, कंबर मोडून खाटेवर पडलेली. म्हणून कॉम्प्युटरवरून तिला व्हिडिओ कॉल लावला. मावशीने ओळ म्हटली आणि थांबली. पडद्यावर बहिणीचे ओठ हलत होते, आवाज मात्र नाही. मावशीला इतक्या लांबचं दिसत नसे. "बोलत काहून नाही वो ते? रुसली का माह्यावर?" तिचा चेहरा उतरला. भाऊ टॉवरला शिव्या देत सुटले. अर्धा तास कॉल तोडला, जोडला. तिकडे बहीण थकून डोळे मिटू लागली.

शेवटी मीच भीत भीत विचारलं, "भाऊ, कार्ड कोणाच्या ताब्यात हाय?"

भाऊंनी कपाळावर हात मारला. जन्मभर लोकांना विचारलं आणि स्वतःला विचारायचं विसरले! त्यांनी निमूटपणे वाटून देणारा ड्रायव्हर लावला, आणि मावशीच्या हेडफोनमधून तिचा स्वतःचा आवाज काढून टाकला, म्हणजे ती अडखळणार नाही. आमच्या सगळ्यांच्या हेडफोनमध्ये बहिणीचं "अवो बाई" घुमलं. दोघी रडल्या, हसल्या, आणि मग असं गायल्या की माझी बोटं पेटीवरच थांबली.

बहिणीचं उत्तर दर ओळीला जरा मागाहून येत होतं. "हे नंतर जवळ ओढणार?" मी विचारलं.

"राहू द्या, गुरुजी. बपेऱ्यावरून यायले तेवढा टाइम तं लागनच."

ऑपरेशन झालं. मावशी वाचली, आवाज गेला.

आणि त्याच वर्षी गेलं कोण, तर भाऊ! छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. तेरवीला जो तो त्यांच्याबद्दल बोलत होता. मावशी कोपऱ्यात बसून होती, तिला कुठलं बोलता येणार? तिने पदराआडून मोबाईल काढला आणि ते गाणं लावलं.

प्रत्येक गाण्याआधीचं आपलं बोलणं भाऊ कापून टाकत. एवढ्या वर्षांत शेकडो लोकांचे आवाज त्यांनी जपले, पण स्वतःचा कुठेच नाही. या एका गाण्यात ते कापायचं राहून गेलं, की मुद्दाम ठेवलं, कोणास ठाऊक. गाण्याआधी भाऊच बोलले, अगदी स्वच्छ:

"गा आता, मावशी. घाई नोका करू. मी हावो इथंच."

स्वयंपाकघरातून भाऊंची बायको, आमच्या वहिनी, धावत बाहेर आल्या.