सॅव्या, बस खाली

आधीच सांगतो, माझ्यासमोर कोणी भुताखेतांचा विषय काढला की मी त्याची टर उडवतो. सतरा वर्षं ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतोय. वर्गात एखादी मुलगी "सर, आमच्या विहिरीवर ना..." म्हणाली, की तिला फळ्यापाशी उभं करून मी विहिरीची खोली काढायला लावायचो. सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. हा ग्रुपसुद्धा मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. आज लिहितोय, कारण घरात कोणाला सांगू शकत नाही. शिव्या द्यायच्या असतील तर कमेंटमध्ये खुशाल द्या.

आमचं घर वसईत, सांडोरला. घरामागे केळीची वाडी आणि वाडीच्या कडेला बावखल होतं, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. पूर्वी सगळी वाडी त्याच्यावर शिंपायची. बोअरिंग आल्यापासून त्याचा उपयोग उरला नव्हता. पप्पा वारल्यावर मी डेब्रिजच्या गाड्या आणून ते बुजवलं. गावातले जाणते सांगत होते, "भराव दोन पावसाळे बसू दे, मग वर काय ते बांध." पण मला कसली घाई! एप्रिलमध्ये भराव, मेमध्ये कोबा, आणि जूनच्या आत वर पत्र्याची खोली. माझी जिम.

पहिल्याच पावसात मागचा उजवा कोपरा खचला. नेमका तिथेच माझा स्क्वॉट स्टँड, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बैठका मारायचा. फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला — दोन उभे खांब, त्यावर रॉड ठेवायचा, आणि खाली मागच्या बाजूला एक आडवा पाइप. कोपरा खचल्यामुळे मागचा एक पाय हवेत. रॉड उचलताना ठीक, पण सेट संपवून परत ठेवायला गेलं की अख्खा स्टँड डुगडुगायचा. पायाखाली प्लायचे तुकडे घातले, ते सरकले. वाळूची गोणी ठेवली, ती फाटली. बोल्ट मारावेत तर कोब्याला आधीच तडे.

शेवटी मी तोडगा काढला. सॅवियो.

सॅवियो माझा धाकटा भाऊ. एकतीस वर्षांचा, लग्न नाही, जहाजावरची नोकरी सहा महिन्यांत सोडून परत आलेला. वाडी बघायचा, मम्मीचं दुखलंखुपलं बघायचा. माझ्या लेखी रिकामटेकडा. सकाळी सहाला मी त्याला उठवायचो आणि त्या मागच्या पाइपवर बसवायचो. सत्तर किलोचा गडी, बसला की स्टँड गप्प. तासभर तो तिथे उकिडवा. मध्येच विचारायचा, "दादा, उठू का?" मी म्हणायचो, "तीन सेट राहिलेत. बस खाली. तेवढा तरी उपयोग होऊ दे तुझा." सगळे सेट आटोपले की मी "हं, झालं" म्हणायचो, मगच तो उठायचा. कधी कॉलेजातला कोणी मित्र आला की मी त्याच्यादेखत म्हणायचो, "ही माझी वजनाची सगळ्यात स्वस्त प्लेट." सॅव्या हसायचा. मला वाटायचं त्याला गंमत वाटते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स धडाधड उतरल्या, वसईतच एका हॉस्पिटलात ॲडमिट केला. मम्मी त्याच्यापाशी राहिली. आणि माझी जिल्हा पातळीवरची पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा दीड आठवड्यावर आलेली, चाळिशीवरच्या गटात. एकशे साठ किलोचा स्क्वॉट बसला तर मेडल नक्की होतं. खरं सांगतो, मला पहिला विचार आला तो हा — मेल्याला आजारी पडायला हाच मुहूर्त सापडला!

बुधवारी सकाळी एकटाच जिममध्ये गेलो. शंभरवरच स्टँड असा हलला की माझी बोटं चेचता चेचता वाचली. मी चिडून, नुसत्या सवयीने ओरडलो, "सॅव्या, बस खाली!"

आणि पुढच्या सेटला स्टँड हलला नाही.

मी रॉड मुद्दाम आपटून ठेवला. जरासुद्धा नाही. खांब धरून ढकलला... जमिनीत गाडल्यासारखा. खाली वाकून बघितलं तर मागचा पाय अजून हवेतच, त्याच्याखालून कागद आरपार जात होता. मागच्या पाइपला हात लावला. पावसाळी सकाळ, सगळं लोखंड गार पडलेलं, आणि पाइपच्या मधोमध वीतभर जागा कोमट. मी स्वतःला म्हटलं, भराव सरकला असेल, पाइपवर ऊन आलं असेल. ऊन आलेलं नव्हतं.

आठ वाजता मम्मीचा फोन. "पहाटे बरा होता रे, आणि सहानंतर एकदम काय झालं कोण जाणे. घामाने भिजला, बीपी खाली गेलं. पाय दुमडून घेतो, सरळच करत नाही. आणि झोपेत सारखं एकच बडबडतो — दादा, उठू का?"

मी म्हटलं, "ताप डोक्यात गेला असेल."

गुरुवारी मी जिममध्ये तोंड उघडलं नाही. स्टँड पूर्वीसारखाच डुगडुगला. त्या दिवशी सॅव्या पेज प्यायला, सिस्टरशी गप्पा मारल्या, प्लेटलेट्स दहा हजारांनी वर. शुक्रवारी मी पुन्हा म्हणालो, "बस खाली." हलक्या आवाजात, जरा लाजतच. मांजराला हाक मारतात तसं. स्टँड गप्प. मी घड्याळ लावून वीस मिनिटं लिफ्ट केलं आणि मध्येच थांबून मम्मीला फोन लावला. ती रडत होती. "आत्ता वीस मिनिटं झाली असतील, पुन्हा तसंच! पाय पोटाशी घेऊन बसूनच राहिलाय, आडवा करू म्हटलं तर दोघांना आवरेना."

दोन वेळा केलं, दोन वेळा घडलं. मध्ये एक दिवस केलं नाही, घडलं नाही. बारावीच्या पोरांना मी यालाच प्रयोग म्हणून शिकवतो.

म्हणजे मला माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय. नंतर कळलं असं नाही, शंका आली असंही नाही. मला शुक्रवारी सकाळीच माहीत झालं होतं.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा सावरलाय, उद्याचा दिवस नीट गेला की सुटलो." सॅव्या पिवळा पडला होता. मला बघून उठून बसायला लागला. म्हणाला, "दादा, तुझं एकशे साठ झालं का?" मी म्हटलं, "उद्या." तो म्हणाला, "पाय फार दुखतात रे." मी त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. तेवढंच केलं.

शनिवार माझा शेवटचा जड दिवस. त्यानंतर स्पर्धेपर्यंत शरीराला विश्रांती द्यायची असते. मी रॉडवर प्लेटा चढवल्या. मनात हिशेब केला — एकच बैठक, पाच सेकंद. पाच सेकंदांत काय होतंय? गडी सावरलाय, डॉक्टरच म्हणाले. आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे पेपर तपासणाऱ्या माणसाला एक मेडल मिळू नये काय? मोबाइल समोर टेकवून व्हिडिओ चालू केला आणि म्हणालो, "सॅव्या, बस खाली. घट्ट बस."

एकशे साठ उचललं. खाली गेलो, वर आलो, रॉड ठेवला. स्टँड तसूभर हलला नाही. मी एकटाच ओरडलो आनंदाने! व्हिडिओ तीनदा बघितला, लिफ्टिंगवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, आंघोळ केली, चार अंडी खाल्ली.

मम्मीचा फोन मी दुसऱ्यांदा वाजल्यावर उचलला. ती रडत नव्हती. म्हणाली, "मी त्याला म्हटलं, ऊठ ना रे बाळा, कोण नको म्हणतंय तुला? तर म्हणाला, दादा सांगत नाही. मग गेला."

बुधवारी आणि शुक्रवारीसुद्धा सेट झाल्यावर मी सवयीने "हं, झालं" म्हणालो होतो. शनिवारी व्हिडिओच्या नादात तेवढं म्हणायचं राहिलं.

पाय त्याचे सरळ झालेच नाहीत. पेटीत ठेवताना माझ्या मामेभावांना दाबावे लागले. मी बघत उभा होतो. आणि मातीला जाताना माझ्या डोक्यात काय होतं सांगू? पुढच्या रविवारची स्पर्धा हुकणार, हे. एवढा नालायक माणूस तुम्ही या ग्रुपवर पाहिला नसेल.

आता तुम्ही म्हणाल, डेंग्यूने माणसं जातात. जातात. बीपी कोसळतं, पाय आखडतात, भ्रमात माणूस काहीही बोलतो. हे सगळं मी स्वतःला रोज शिकवतो, फळ्यावर लिहून दाखवावं तसं. पण स्टँडचं काय करू? कोपरा आणखी दोन बोटं खचलाय. आता त्याचे मागचे दोन्ही पाय हवेत आहेत. लेव्हल लावून बघितली, एका सहकाऱ्याला आणून दाखवलं, तो डोकं खाजवत घरी गेला. असा स्टँड उभाच राहू शकत नाही, आडवा पडायला हवा. कुठल्याही पुस्तकात मला याचं उत्तर मिळालेलं नाही.

रोज सकाळी सहाला जातो. रॉडला हात लावत नाही. "ऊठ सॅव्या, झालं," म्हणतो. आधी साधं म्हणायचो, आता हात जोडून म्हणतो, पाया पडतो, एकदा शिवीसुद्धा दिली. मग दोन्ही हातांनी खांब ढकलून बघतो. हलत नाही.

संध्याकाळी रोझरी झाली की मम्मी त्याच्या आत्म्याला विश्रांती मिळो म्हणून प्रार्थना म्हणते. मी तिच्या शेजारी गुडघ्यांवर असतो, आणि मला माहीत असतं की तो तिकडे बसलेला आहे.