घोड्यावर बसलेला सुपरहिरो

आखातातल्या सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी स्पेनची आहे. तिच्या मॉनिटरखाली जुन्या पत्त्यांचा एक डबा असतो. तिच्या लहानपणी आजोबांनी घेतलेला. आजोबा आता नाहीत. मी सारखी तिकडे बघते हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण एका शुक्रवारी मी न मागताच तिने तो माझ्या हातात दिला. "वीकेंडला घरी ने. सोमवारी आण."

करामातल्या घरी डायनिंग टेबलवर मी ते पत्ते मांडले. पत्त्यांवर सुपरहिरो छापलेले होते. ते मला इंग्लिशमधून माहीत होते, पण इथे त्यांची नावं स्पॅनिश होती आणि रंग किंचित रेषेबाहेर गेलेले. इस्पिक-बदामाच्या जागी नाणी, पेले, तलवारी, लाकडी सोटे. राणी नव्हतीच. राजाखालोखाल घोडेस्वार. त्यामुळे ज्याला चक्क उडता येतं, त्या हिरोलाही घोड्यावर बसवलं होतं. त्याची केप घोड्याच्या शेपटीपर्यंत आली होती. मी कितीतरी वेळ तेवढंच बघत राहिले.

"नुसतं बघायचंय की खेळायचंय?" बाबा म्हणाले. "पेले म्हणजे बदाम. बदाम सात लावू. यल्ला, चला!"

सात मांडून झाले. सहापासून एक्क्यापर्यंत पत्ते भराभर उतरले. वर चढायला मात्र कोणाचाच आठ येईना. पास, पास, पास.

"अहो, आठ दाबून बसलात ना?" आई म्हणाली. "पोरींनाही सोडत नाही तुम्ही."

"अगं, मला नुसते घोडे आलेत!"

"बाबा ऑलवेज डज धिस," धाकटी बहीण म्हणाली.

शेवटी सगळ्यांनी हात उघडे केले. एकही आठ नव्हता. नऊही नव्हता.

मेट्रोत मी डबा उघडला होता, तेव्हाच पडले असतील. आम्ही सोफ्याच्या गाद्या काढल्या, माझी बॅग उलटी केली. "मिळतील इन्शाल्ला," बाबा म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता. तिने आजोबांची वस्तू विश्वासाने दिली होती आणि मी ती अर्धवट परत करणार होते.

सोमवारी वाक्य पाठ करूनच गेले. "आठ आणि नऊ हरवले. सगळे. सॉरी."

ती आधी गोंधळली, मग मोठ्याने हसली. "आमच्या पत्त्यांत आठ-नऊ नसतातच!" तिने टेबलवर सहा, सात आणि त्याला लागून दहा ठेवला. "आजोबांनाही त्यांच्या लहानपणी असंच शिकवलेलं."

भीती गेली, पण माझी नजर त्या पत्त्यांवरून हलेना. एवढी माणसं सातावरून थेट दहावर जातात आणि कोणालाच मध्ये काही रिकामं दिसत नाही! बाहेरून आलेल्या त्या बलदंड हिरोंनीही स्पेनच्या पत्त्यांत जाऊन हे मुकाट मान्य केलं होतं.

"पण तुम्ही खेळत काय होतात?" तिने विचारलं.

लंचला मी तिला बदाम सात शिकवला. ऑफिसात एवढं मी कधीच बोलले नव्हते. सातावर दहा लावताना माझा हात दर वेळी थबकायचा. ती मात्र बिनधास्त लावत होती.