थोर सर्जनचं नाक

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, अठराव्या शतकातील एका थोर इंग्रज सर्जनचे नाक दोहा मुक्कामी, रविवारी सकाळी साडेदहा वाजता, माझ्या उजव्या हातात आले. बाकीचा सर्जन पेटीतच होता.

मी तेव्हा दोह्यातल्या एका खासगी हॉस्पिटलचं स्टोअर सांभाळत होतो. सुईपासून एक्स-रे मशीनपर्यंत सगळा माल माझ्या सहीनं आत यायचा. आमचे चीफ सर्जन इंग्रज. त्या जुन्या सर्जनवर त्यांची देवासारखी भक्ती. नव्या लेक्चर हॉलसाठी त्यांनी लंडनहून त्याचं एक पोर्ट्रेट आणि एक बस्ट, म्हणजे छातीपर्यंतचा प्लास्टरचा पुतळा, मागवला होता. अनावरण मंगळवारी.

माल आला की आधी पेटी उघडायची, मग डिलिव्हरी नोटवर सही करायची. हा नियम नव्या लोकांना मीच शिकवायचो. त्या दिवशी ड्रायव्हर ‘यल्ला, यल्ला’ अशी घाई करत डोक्यावर उभा, म्हणून मी ‘माल सुस्थितीत मिळाला’ असं लिहून सही ठोकली. मग पेटी उघडली. आता नाक विमानात तुटलेलं असो की ट्रकमध्ये, कागदोपत्री ते मीच तोडलं होतं.

त्यात माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. फाइल अ‍ॅडमिन मॅनेजर फादी यांच्या टेबलावर. त्या लेबनीज गृहस्थांचा लगेच फोन.

“पुतळा ओके?”

“एकदम ओके, सर.”

“येऊन बघू?”

“नको सर! फार धूळ आहे.”

नाक टिश्यूत गुंडाळलं, शर्टाच्या खिशात टाकलं आणि प्लास्टर रूम गाठली. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालणारा आमचा टेक्निशियन दत्ता म्हात्रे, पेणचा. त्याचं बालपण काकाच्या गणपतीच्या कारखान्यात गेलेलं.

“पेशंट कुठाय?” त्यानं विचारलं.

मी खिशातून नाक काढलं.

दत्तानं ते उजेडात फिरवून बघितलं. “साहेब, नाक शाबूत आहे ना? मग रडताय कशाला? आमच्याकडे तर अख्खी सोंड तुटते!”

ड्युटी संपल्यावर तो स्टोअरमध्ये आला. पोर्ट्रेट समोर टेकवून त्यानं नाकाचा कोन जुळवला. तासाभरात सांधा कुठे आहे हे मलाही सांगता येईना.

“उद्या फिनिशिंग करतो आणि कापड टाकून ठेवतो. सुकेपर्यंत उघडू नका.”

मी उघडलं नाही. पेटी न उघडता सही करणारा माणूस कापड कशाला उचलतोय!

मंगळवारी हॉल गच्च भरला. चीफसाहेबांनी कापड ओढलं. नाक झकास होतं. पण डोळे! असल्या पुतळ्यांचे डोळे कोरे, पांढरे असतात. आमच्या सर्जनला काळीभोर बुबुळं आली होती, वर कमानदार भुवया, कोपऱ्यात लालसर छटा. आता आशीर्वादाला हात वर करणार, अशा प्रेमळ नजरेनं तो सगळ्यांकडे बघत होता.

“दत्ता, हे काय?” मी कुजबुजलो.

“साहेब, लंडनवाल्यांनी माल अर्धवटच पाठवला. फोटोत डोळे आहेत, मूर्तीत नाहीत! आणि डोळे आखल्याशिवाय मूर्ती बाहेर काढतात का कुठे?”

चीफसाहेब पुतळ्याच्या डावीकडे गेले, मग उजवीकडे गेले. फादी पुतळ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. शेवटी साहेब वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“आयुष्यभर मी याचे पुतळे पाहिले,” ते म्हणाले. “आज पहिल्यांदा यानं माझ्याकडे पाहिलं. कुणी केलं हे?”

टाळ्या पडल्या. लोकांनी दत्ताला पुढे ढकललं. फादींनी मला लांबून अंगठा दाखवला. माझं कॉन्ट्रॅक्ट मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

ते पुढे रिन्यू झालं. दोन वर्षांऐवजी एकच वर्ष. का, ते आता येतंच आहे. तेवढ्यात माझ्या धंद्यातले दोन धडे सांगून ठेवतो. सहीच्या आधी पेटी उघडावी. आणि कारागिराचा सत्कार चालू असताना, त्याच्या तोंडापर्यंत आपला हात पोचेल इतक्या अंतरावर उभं राहावं. मी तिसऱ्या रांगेत होतो.

चीफसाहेबांनी दत्ताचा हात हातात घेतला. कौतुकानं फुललेला दत्ता अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “सर, नोज ऑल्सो मी ओन्ली!”