चहाचं झाड केवढं

जुन्नरकडच्या मढचा सावळेराम आचारी सोळा वेळा कन्याकुमारीला गेला आणि तिथला सूर्योदय त्याने एकदाही पाहिला नाही. सूर्य वर यायच्या वेळी त्याच्यासमोर चाळीस माणसांचा उपमा रटरटत असायचा. रामेश्वरला यात्रेकरू कुंडाकुंडाच्या पाण्याने न्हायचे, तेव्हा हा धर्मशाळेच्या मागे बटाटे सोलत बसलेला. म्हैसूरचा राजवाडा त्याने पाहिला खरा, पण पाठीमागून, पाण्याचा नळ शोधता शोधता. तरीही गावात त्याचा बोलबाला असा, की सावळेरामनं अख्खा हिंदुस्थान पायाखाली घातलाय! गावाला तरी काय दोष द्यायचा? माणूस तेवीस दिवस बसमधून फिरून येतो, तर त्याने काही पाहिलं नसेल असं कुणाच्या मनात येणार?

दर वर्षी दिवाळी उरकून थंडी पडली, की नारायणगावचे कुंडलिकशेठ दक्षिण भारताच्या सहलीची बस काढत. 'जेवण घरच्यासारखं' हे त्यांच्या पत्रकावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं असे, आणि त्या अक्षरांमागे सावळेराम असे. ब्याण्णव साली तो पहिल्यांदा गेला, तेव्हा पन्नाशीला टेकला होता. जुन्नर-आंबेगावातल्या लग्नांच्या पंगती करून त्याचा हात बसलेला. बसच्या मागच्या टोकाला पातेली, पराती आणि कांद्याची पोती, आणि त्यांच्या मधल्या फटीत सावळेराम. खिडकी त्याच्या वाट्याला आलीच नाही.

सहलीतला एक दिवस मुन्नरचा. चहाच्या डोंगरांचा. शेठची बस लांबलचक, त्या घाटात वळायची नाही. ती पायथ्याच्या गावात एका मठाजवळ उभी राहायची. सकाळी जीपगाड्या यायच्या, सोबत तिथला एक गाईड यायचा आणि यात्रेकरूंना घेऊन वर जायचा. दिवे लागायच्या आत मंडळी खाली परत. सांबार-भाताला कंटाळलेल्या या मंडळींसाठी त्या दिवशी सावळेराम मासवडी करायचा. मासवडी म्हणजे काय गंमत नाही. तीळ, खोबरं, शेंगदाणे, कांदा, लसूण सगळं भाजून सारण करायचं, बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, सारण भरून वळायचं, मग कापायचं. वर तिखटजाळ रस्सा आणि बाजरीच्या भाकरी. चाळीस माणसांची मासवडी करायला सबंध दिवस मोडतो. लोक डोंगरावरून उतरले, की आधी वास घ्यायचे आणि मग शेठची पाठ थोपटायचे.

पहिल्या सहलीहून तो घरी आला, तेव्हा ओट्यावर शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. बयाबाई, त्याची बायको, मधोमध बसली होती. तिने सगळ्यांदेखत विचारलं, "अवं, चहाचं झाड कसं असतंया?"

आता इथे सावळेरामने सरळ सांगायला हवं होतं, की बाई, मी खाली तीळ भाजत होतो. पण तेवढ्या बायांमध्ये, तेवढ्या कौतुकाने बघणाऱ्या बायकोसमोर ते त्याच्या तोंडून निघेना. शिवाय त्याच्याजवळ सांगायला काहीच नव्हतं असंही नाही. मासवडी वाढताना त्याच्या कानावर सगळं पडलं होतं. कोणी म्हणत होतं, काय ती उंच उंच झाडं, सरळ आभाळात गेलेली! कोणी म्हणत होतं, एवढ्याशा शिडीवर चढून माणसं तोडणी करत होती, बघवत नव्हतं. ही दोन्ही वाक्यं त्याने एकमेकांना जोडली.

"लई मोठं असतंय," तो म्हणाला. "आपल्या हिरड्यावानी. त्याच्यापरीस उंच म्हण. शिडी लावून तोडत्यात पानं."

बाया "अगं बाई!" म्हणाल्या. बयाबाईचा हात आपसूक डाव्या मांडीवर गेला.

कारण हिरड्याचं झाड बयाबाईला चांगलंच माहीत होतं. मढच्या वरच्या अंगाला हिरड्याची झाडं आहेत आणि उन्हाळ्याच्या तोंडाला बायाबापड्या हिरडा गोळा करायला जातात. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी बयाबाई अशीच हिरड्यावर चढली आणि फांदी मोडून खाली आली. मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्याने बांधलं, पण वाकडं बसलं. पाच-सहा महिने ती अंथरुणावर होती. त्या दिवसांत शेजारणी येता-जाता तिला चहा करून द्यायच्या, आणि तेव्हापासून चहावर तिचा जीव जडला. पुढे काठी घेऊन ती चालायला लागली, चार पावलांमागे एकदा थांबायची, पण दुपारचा बशीतला चहा तिने कधी चुकवला नाही. तिची एकच हौस होती. ती म्हणायची, "जल्मभर काळी भुकटी उकळली. एकदा त्याचं हिरवं पान हातानं खुडून बघायचंय, वास कसा येतोय ते." तिने आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं सावळेरामला आठवत नाही.

मग दर वर्षी हाच खेळ. सहल निघायच्या आधी बयाबाई विचारायची, "त्या बाया पडत न्हाईत का वं शिडीवरनं?" आणि आल्यावर पहिला प्रश्न, "औंदा कोण पडलं न्हाई ना?" कधी न पाहिलेल्या त्या मुलखातल्या बायांची ती काळजी करायची. सावळेराम सांगायचा, न्हाई पडत, त्यास्नी सवय असती. मुन्नरहून तो चहाचा एक पुडा आणायचा. तोही कुणा यात्रेकरूला सांगून वरून मागवलेला. बयाबाई तो पुडा पुरवून पुरवून वापरायची आणि आलेल्या-गेलेल्याला सांगायची, "आमच्या ह्यांनी डोंगरावरनं आणलाय." जुन्नरचा माणूस मुन्नरला जातो म्हणून गावातले लोक दोघांची थट्टा करायचे. तिला ती थट्टाही आवडायची.

दोन हजार एक साली मुलाने घरात टीव्ही आणला. एका संध्याकाळी चहाची जाहिरात लागली. हिरव्या उतारावर बाया उभ्या, पाठीला टोपल्या, आणि झुडपं त्यांच्या कमरेएवढी. नात हर्षाली सहा वर्षांची, तिने लगेच पकडलं.

"आजोबा, ही तर बुटकी हायेत!"

सावळेरामच्या हातातला घास हातातच राहिला. इतकी वर्षं त्यालाही वाटत होतं की झाड उंचच असणार. आज पहिल्यांदा पायाखालची जमीन हलली. तोंड उघडायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण त्याच्या आधी बयाबाईच बोलली.

"गप गं. ती रोपं असत्याल. टीवीवाल्यास्नी काय कळतंय? तुझ्या आज्यानं डोळ्यांनी बघितलंया."

त्यावर सावळेराम म्हणाला, "व्हय, रोपंच ती." आणि घास तोंडात घातला. मला त्याचा राग येतो तो इथे. पहिल्या वर्षी बोलला ती बढाई होती, ती कोण मारत नाही? पण या दिवशी त्याला कळलं होतं आणि तरी त्याने तिची री ओढली.

याहून वाईट पुढे झालं. दोन हजार तीनच्या सहलीत एक जोडपं आयत्या वेळी गळालं. कुंडलिकशेठ स्वतः मढला आले आणि म्हणाले, "बुवा, एवढी वर्सं आमच्या बसला जेवू घातलं. औंदा वहिनींना घेऊन चला. जागा मोकळी हाय, त्यांनी नुसतं बसायचं."

बयाबाईचा चेहरा क्षणभर असा फुलला की बघणाऱ्याला वाटावं, आता ही काठी टाकून चालायला लागेल. मग तिने आपल्या पायाकडे पाहिलं.

"नगं शेठ," ती म्हणाली. "ह्या पायानं मी शिडी चढायची व्हय? खालनंच वर बघत ऱ्हायचं, तर मग जायचं कशाला? पान काय हाताला येत न्हाई." आणि सावळेरामकडे वळून तिने विचारलं, "खालची एखादी फांदी बी नसती का वं हाताला येण्याजोगी?"

एवढं विचारलं होतं तिने. एका फांदीपुरतं. सावळेरामच्या डोळ्यांसमोर जाहिरातीतली ती बुटकी झुडपं आली. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंही आलं. ही बसमध्ये बसली, तर पायथ्याला जीप येतील, ही वर जाईल, आपण खाली तीळ भाजत राहू, आणि हिला कळेल की आपला नवरा अकरा वर्षांत एकदाही वर गेला नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "फांद्या लई वर असत्यात."

"मग नगंच," बयाबाई म्हणाली.

आणि सावळेरामला हायसं वाटलं. हे त्याने पुढे स्वतःच्या तोंडाने सांगितलं म्हणून मी लिहितो आहे. त्याला त्या घटकेला खरोखर हायसं वाटलं.

दोन हजार पाचच्या पावसाळ्यात बयाबाई कावीळ होऊन गेली. अंथरूण धरून पंधरा दिवस झाले नव्हते. फडताळात मुन्नरचा पुडा अर्धा शिल्लक होता.

सावळेराम पुढच्याही दोन सहलींना गेला, कारण घरी बसवेना. पण हात थरथरायला लागले होते, रस्सा वाढताना सांडायचा. दोन हजार आठच्या जानेवारीत शेठनी ठरवून टाकलं की बुवांची ही शेवटची सहल. पायथ्याच्या मठात सकाळी त्याने परात पुढे ओढली, तशी शेठनी ती काढून घेतली.

"आज मासवडी न्हाई. आज आपण समदी हाटेलात जेवू. चला जीपमधी. सोळा वर्सं लोकांस्नी वर धाडलं, एकदा तुमी बी बघा."

सावळेराम नको नको म्हणत होता. यात्रेकरूंना वाटलं, म्हातारा लाजतोय. त्यांनी त्याला धरून पुढच्या सीटवर, खिडकीपाशी बसवलं.

घाट चढून जीप वर आली. गाईड मोडक्या हिंदीत दोन्ही बाजूंना हात करून काहीबाही सांगत होता. मग त्याने गाडी थांबवली, दार उघडलं आणि सावळेरामला हात देऊन उतरवलं.

झुडपं रस्त्याला लागूनच होती. चार पावलंसुद्धा चालावं लागलं नाही. सावळेराम उभा होता तिथे त्यांचा शेंडा त्याच्या कमरेला लागत होता. डोंगरच्या डोंगर तेवढ्याच उंचीचा, कातरून ठेवल्यासारखा सारखा. त्यात बाया उभ्या होत्या. जमिनीवर दोन्ही पाय टेकून, आपसात गप्पा मारत पानं खुडत होत्या. एक तर त्याच्याहून म्हातारी होती.

झुडपांच्या मधून मधून सरळसोट उंच झाडं आभाळात गेली होती. सावळेरामने त्यांच्याकडे बोट केलं. "वो चाय का झाड है ना? वो उंचवाला?"

गाईड हसला. "नहीं बाबा. वो छाया के लिए. उसके ऊपर काली मिर्च का बेल है. चाय तो ये नीचेवाला."

"और शिडी?"

"शिडी मिर्च तोड़ने का."

सावळेरामने हात पुढे केला आणि एक पान खुडलं. वाकावं लागलं नाही, टाच उचलावी लागली नाही. बयाबाई ठेंगणी होती, पायामुळे एका अंगाला कललेली. तिच्या छातीशी आलं असतं हे झुडूप. जीपच्या दारात बसूनसुद्धा तिचा हात पोचला असता. तो तिथेच रस्त्याच्या कडेला मटकन बसला. लोक धावले, कोणी पाणी आणलं, कोणी म्हणालं घाट लागला असेल. शेठ खाली वाकले.

"बुवा, काय व्हतंय?"

"तिच्या हाताला लागलं असतं, शेठ," सावळेराम म्हणाला. "मी न्हाई म्हनलं व्हतं." आणि एवढा मोठा माणूस चाळीस माणसांसमोर धाय मोकलून रडला.

तो घरी आला, तेव्हा हर्षाली शाळेतून आली होती. आता ती बारा वर्षांची. तिने पिशवीतून चहाचा पुडा काढला. पुड्याखाली वर्तमानपत्राच्या कागदात एक वाळलेलं पान होतं. तिने ते नाकाशी नेलं.

"कसला बी वास न्हाई याला."

"न्हाईच येत," सावळेराम म्हणाला. मग पान परत कागदात ठेवत म्हणाला, "हर्षे, मी कधी वर गेलोच नव्हतो गं. ह्या टायमाला पयल्यांदा गेलो."

हर्षालीला तो काय म्हणतोय हे चटकन कळलं नाही. "मग झाड केवढं असतंय?" तिने विचारलं.

सावळेराम उठून उभा राहिला आणि त्याने हात कमरेशी आडवा धरला.

"म्हंजी टीवीत दाखवलेलं खरं व्हतं!" पोरगी हसली. आपण सहा वर्षांच्या असताना बरोबर होतो याचा तिला आनंद झाला होता. मग कोपऱ्यात अजून उभ्या असलेल्या आजीच्या काठीकडे तिने पाहिलं, आणि अगदी सहज म्हणाली, "मग आजीला जमलं असतं की."

"व्हय," सावळेराम म्हणाला. "जमलं असतं." त्याचा हात अजून कमरेशीच होता.