अर्धी गोळी

मोजमापाच्या बाबतीत मला कुणी शिकवावं, हे मला कधीच रुचलेलं नाही. भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्यात मी मशीन शॉपची इन्स्पेक्टर होते. लेथवरून उतरलेला प्रत्येक जॉब, म्हणजे तासून तयार झालेला भाग, माझ्या मायक्रोमीटरखालून जायचा आणि माझी सही झाल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. नव्या ऑपरेटरला मी पहिल्याच दिवशी दम भरायची, "माप हद में है न? फिर चक्के को हाथ मत लगाना!" माप जरा इकडेतिकडे झालं की लेथचं चाक फिरवायची नव्यांना फार खोड. मग पुढच्या जॉबचं माप दुसऱ्या टोकाला जातं, आणि संध्याकाळपर्यंत भंगाराचा ढीग.

सेहेचाळिसाव्या वर्षी नागपूरला माझ्या हृदयात धातूची झडप बसवली. घरात शांतता असली की तिची टिकटिक ऐकू यायची. "आता भिंतीवरचं घड्याळ विकायला हरकत नाही," असं हे म्हणायचे.

धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रोज संध्याकाळी ठरल्या वेळी रक्त पातळ ठेवणारी गोळी, तीही जन्मभर. ती बरोबर काम करते की नाही ते आयएनआर नावाच्या तपासणीत कळतं. माझी मर्यादा अडीच ते साडेतीन. खाली गेलं तर गुठळीचं भय, वर गेलं तर रक्तस्रावाचं. टाऊनशिपच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सलग तीन रिपोर्ट मर्यादेत आले की कामावर जायला फिटनेसचा दाखला देते. मला तेवढंच हवं होतं. आनंद नगरच्या घरात बसून चार महिने झाले होते, आणि माझ्या जागी बसलेला इन्स्पेक्टर डोळे मिटून सह्या करतो अशी बातमी रोज येत होती. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पहिला रिपोर्ट दोन पूर्णांक आठ, दुसरा दोन पूर्णांक नऊ. तिसरा आला दोन पूर्णांक चार. एवढ्याशानं हुकला! थंडीत मेथी आणि बथुआ, म्हणजे आपला चाकवत, ढीगभर मिळतो, मी तो आठवडाभर दोन्ही वेळा खाल्ला होता, आणि पालेभाजीनं ह्या गोळीचा असर कमी होतो. बाई हसल्या. "भाजी बंद मत कीजिए, बस रोज़ एक जैसी खाइए. गोली वही रहेगी. अगले हफ़्ते फिर देखेंगे." मोजणी मात्र पुन्हा एकपासून.

मला काही ते पटलं नाही. आकडा कमी आहे तर डोस वाढवायचा, त्यात डॉक्टर कशाला लागतो? मी रोज अर्धी गोळी जास्त घ्यायला लागले. कुणाला बोलले नाही. रोजच्या गोळीची नोंद करून बाईंना दाखवायची एक वही होती, तीत मात्र ठरलेलाच डोस लिहीत राहिले.

आठवड्यानं आकडा आला चार पूर्णांक तीन. दंडावर रुपयाएवढा काळानिळा डाग उठला होता, तो मी लांब बाहीच्या ब्लाउजखाली झाकून नेला. बाईंनी एक दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली. मी घाबरून चार दिवस बंद ठेवली. पुढचा आकडा एक पूर्णांक सात.

बाईंनी पेन खाली ठेवलं. वहीत डोस ठरलेलाच, तरी आकडा असा उड्या मारतोय म्हणजे लिव्हरमध्ये किंवा आणखी कुठे बिघाड असावा, आजच नागपूरला पाठवते, असं म्हणून त्यांनी फोन उचलला. शेजारी बसलेल्या ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ऑपरेशनच्या दिवशीही मी तो तसा पाहिला नव्हता. आता गप्प बसले तर माझ्या खोट्या वहीवरून माझे उपचार ठरणार होते.

"मैडम, अंदर कुछ नहीं बिगड़ा," मी म्हणाले. "गोली मैंने बदली थी." बाही वर करून डागही दाखवला.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आज की गोली का असर दो-तीन दिन बाद दिखता है. आपने रुकने ही नहीं दिया." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी झापलेले सगळे ऑपरेटर माझ्या डोळ्यांसमोर ओळीनं उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नागपूर टळलं, पण आकडा वर येईपर्यंत पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. फिटनेसचा दाखला दोन महिने लांबला. आज इतकी वर्षं झाली, आकडा कधी हललाच तर मी बाईंना कळवते आणि त्या सांगतील तेच करते. माझ्याइतकी नीटनेटकी वही टाऊनशिपमध्ये दुसरी नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते.

त्या कबुलीच्या दिवशी हे बाहेर पडून स्कूटर काढायला गेले, तेव्हा बाईंनी ती वही माझ्यापुढे सरकवली. मी खोटे डोस लाल पेनानं खोडले, खरे लिहिले. "साइन कीजिए," बाई म्हणाल्या. एकोणीस वर्षं मी इन्स्पेक्टरच्या रकान्यात सही केली होती. त्या दिवशी पहिल्यांदा जणू ऑपरेटरच्या रकान्यात केली, आणि जॉबही मीच होते.